जुनी गाडी दारात आणण्यापूर्वी



चाकणचा शनिवारचा जनावरांचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे बैल घ्यायला आलेला शेतकरी काय करतो ते आठवा. अंगावरच्या झुलीला आणि शिंगांच्या रंगाला तो भुलत नाही. आधी जबडा उघडून दात पाहतो. जनावर आदत आहे, चौसा आहे, की जुळलेले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवतो. खूर उचलून पाहतो. खांद्यावर हात फिरवून आवाळू नाही ना याची खात्री करतो. चार पावले चालवतो आणि जमले तर जुंपूनही पाहतो. एवढे झाल्यावर मग भावाची गोष्ट निघते.

हाच शेतकरी जुनी मोटारगाडी घ्यायला गेला, की त्याचे सगळे शहाणपण कोठे जाते कोण जाणे! गाडीचा रंग चकाकतो आहे, आत गाणी वाजतात, सात माणसे ऐसपैस बसतात, एवढे पाहून तो बयाणा देऊन मोकळा होतो. बैल हजारांत येतो आणि गाडी लाखांत. तरी बैलाला तासभर पाहणारा माणूस गाडीला दहा मिनिटेच देतो. पुढे मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

आजकाल घरात दहा माणसे असली, की एक मोठी गाडी असावी असे सगळ्यांनाच वाटते. लग्नकार्य, देवदर्शन, मुलांची परीक्षा, तालुक्याचे काम आणि अडीअडचणीला दवाखाना, या सगळ्याला ती उपयोगी पडते. नवी घेणे सर्वांना परवडत नाही, म्हणून जुनी घेणे हा काही कमीपणा नव्हे. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी दहा वर्षे इमानाने चाकरी करते. ती पारखायची कशी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपल्याच अंगणातल्या गाड्या

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा म्हणजे मोटारींचे माहेरघर. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ पासून या भागात आहे. आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना होता; २००५ मध्ये त्या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. चाकणला महिंद्राचा मोठा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. गावोगाव चाललेली टाटा सुमो १९९४ मध्ये आली. तिच्या नावातले 'सु' आणि 'मो' ही टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे. १९९८ मध्ये सफारी आली. सुमो आणि जुनी सफारी या दोन्हींचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. 'सफारी' हे नाव २०२१ मध्ये पुन्हा वापरात आले, पण ती गाडी सर्वस्वी निराळी. महिंद्राची बोलेरो २००० मध्ये आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली. चाकणच्या कारखान्यातून २०११ मध्ये एक्सयूव्ही ५००, २०१५ मध्ये टीयूव्ही ३०० आणि २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० बाहेर पडली.

ही नावे सांगण्याचे कारण असे, की या गाड्यांत दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक आपल्याला कळला पाहिजे. सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सफारी आणि टीयूव्ही ३०० यांना खाली शिडीसारखी पोलादी चासी असते आणि तिच्यावर वरची बॉडी बसवलेली असते. एक्सयूव्ही ५०० आणि ७०० मध्ये अशी वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा असतो. पहिली जात खडबडीत रस्त्याला आणि ओझ्याला सोसते, पण थोडी उसळते आणि वळणावर झुकते. दुसरी जात हायवेवर आरामशीर चालते, पण तिच्या सांगाड्याला मोठ्या अपघातात बाक आला, तर तो पूर्ण काढणे गावच्या कारागिराचे काम नाही. तिच्यात तारा, संवेदक आणि लहान-मोठे संगणकही जास्त असतात. तुमचा रस्ता कोणता, ओझे किती आणि जवळ दुरुस्ती करणारा कोण, हे पाहून आधी जात ठरवा. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही तीच घ्यायची, असे करू नका.

गाडीचा मागचा धनी कोण होता?

बैल विकत घेताना तो नांगराला होता की शर्यतीला, हे आपण विचारतो. गाडीचेही तसेच विचारा. चाकण, महाळुंगे, तळेगाव या भागात कामगारांना पाळीवर नेण्या-आणण्यासाठी हजारो गाड्या ठेक्यावर लागतात. त्यांतल्या काही पुढे खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीने विकल्या जातात. हे बेकायदा नाही, पण ते तुम्हाला माहीत असायला हवे. साधा हिशेब करा. रोज १०० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस धरले, तर वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. सहा वर्षांत १,८०,०००. अशा गाडीच्या मीटरवर ६५,००० दिसत असतील, तर मीटर मागे फिरवला आहे हे उघड आहे.

मीटर खोटे बोलेल, पण गाडी खोटे बोलत नाही. ब्रेक आणि क्लचच्या पायट्यावरचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंगची नक्षी पुसली आहे का, गिअरच्या मुठीवरचे आकडे उडाले आहेत का, चालकाच्या बैठकीची डावी-उजवी कड बसली आहे का, ते पाहा. ही झीज ६५,००० किलोमीटरला होत नाही. पायट्याचे रबर कोरे नवे आणि बाकी सारे जुने दिसले, तर अधिकच सावध व्हा. ज्या कंपनीची गाडी आहे तिच्या अधिकृत सेवा केंद्रात गाडीचा नंबर दाखवून मागच्या सर्व्हिसिंगची नोंद मागा. सोबत गाडीच्या मालकाला घेऊन गेलात, तर ती बहुधा मिळते. तीत प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

टायरही पाहा. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. '२३१९' असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. गाडी २०२१ ची आणि टायर २०१९ चा, असे असेल तर चौकशी करा. काचांवरही वर्षाची खूण असते. बाकी सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळ्या सालची, म्हणजे ती कधीतरी फुटली होती. कशी फुटली, हे विचारा.

इंजिन थंड असताना पाहा

येथे आमच्या घरचा एक अनुभव सांगतो. कांद्याला त्या वर्षी बरा भाव मिळाला होता. वडिलांच्या मनात होते, की आता घरात गाडी हवी. हायवेवरच्या एका विक्रेत्याकडे आम्ही गेलो. गाडी दिसायला झकास होती. किल्ली फिरवताच चालू झाली. मी नकळत बॉनेटवर हात ठेवला, तर ते गरम लागले. विक्रेता म्हणाला, "आत्ताच एका गिऱ्हाईकाला दाखवली, दादा." आम्ही ते मान्य केले. पैसे दिले, हार घालून गाडी घरी आणली.

थंडीचे दिवस आले. एका रात्री आईला दम लागला. श्वास घेता येईना. तिला शाल गुंडाळून आम्ही गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. गाडी घुरघुरली, पांढरा धूर सोडला आणि बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मागच्या बैठकीवर आईचा श्वास ऐकू येत होता आणि गाडी काही चालू होईना. शेवटी शेजारच्यांनी भाजीचा पिकअप काढला आणि मागच्या मोकळ्या हौद्यात गोधडी टाकून तिला दवाखान्यात नेले. वेळेवर पोहोचलो म्हणून आज ती आहे. पुढे मेकॅनिकने सांगितले, की इंजिनाचे कॉम्प्रेशन गेले आहे, इंजेक्टरही झिजलेले आहेत. गरम असताना ते चालू होते, थंड असताना नाही. विक्रेत्याने आम्ही येण्याआधी गाडी तापवून ठेवली होती. दुरुस्तीचा आकडा ऐकून वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण वडिलांना पैशाचे दुःख कमी होते. "घरात गाडी असताना तुझ्या आईला पिकअपमध्ये न्यावे लागले," हे ते अजून बोलून दाखवतात.

म्हणून पहिला नियम हा: गाडी पहाटे, मालकाच्या घरी आणि कोणी चालू करण्यापूर्वी पाहा. बॉनेटला हात लावा. ते गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. 'आज दुसरे गिऱ्हाईक येणार आहे' असे कोणी म्हणाले, तर त्याला येऊ द्या.

गाडी चालू केल्यावर धुराकडे पाहा. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ दिसते, ती लगेच जाते. तिचे काही नाही. पांढरा धूर जातच नसेल, तर इंजिनात पाणी शिरत असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा किंवा टर्बो झिजला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडते आहे किंवा हवा कमी मिळते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण हळूच सैल करा. तेथून चुलीसारखा धूर भसाभसा येत असेल, तर इंजिन आतून थकले आहे. इंजिन बंद करून झाकणाची आतली बाजू पाहा. तेथे दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळले असण्याचा संभव आहे. पाण्याच्या टाकीत तेलकट तवंग दिसला तरी तोच संशय. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली, की समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा विझत नसेल, तर दोष आहे. एखादा दिवा मुळीच लागत नसेल, तर तो अधिक वाईट. दोष लपवण्यासाठी कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो. नव्या काळच्या गाडीला मेकॅनिक छोटे यंत्र जोडून आतल्या संगणकातले दोष वाचतो. त्याला थोडे पैसे द्यावे लागले, तरी द्या.

चालवून पाहा, मग खाली वाकून पाहा

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणतीही बरी चालते. घरची पाच-सहा माणसे बसवा आणि चढाचा, खड्ड्यांचा रस्ता धरा. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपली. दुसरा गिअर टाकताना कुरकुर झाली किंवा तो आपोआप निसटला, तर गिअर पेटीत काम आहे. मागून एकसारखा घोंघावणारा आवाज येत असेल, तर मागच्या आसाचा डिफरन्शियल झिजला. सुटताना खालून 'टक्' असा आवाज आला, तर लांब शाफ्टचे जोड ढिले आहेत. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते पाहा. खड्ड्यात पुढून खडखड आली, तर बुश आणि बॉल जॉइंट झिजले. यांतले पुष्कळ दोष दुरुस्त होतात, पण त्यांचा खर्च भावातून वजा झाला पाहिजे.

मग गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवा. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागपर्यंत नजरेने पाहा. कोठे बाक, तडा, नवे वेल्डिंग किंवा एकाच जागी ताजा काळा रंग दिसला, तर तेथे काहीतरी झाकले आहे. मागच्या पाट्यांत तुटलेला पाटा आहे का, एक बाजू बसली आहे का, ते पाहा. ज्या गाडीने शेणखत, खताच्या गोणी किंवा ऊस ओढला, तिचे पाटे ते सांगतात. इंजिन आणि गिअर पेटीच्या खाली तेलाचे थेंब पाहा. पूर्ण कोरडी, नुकतीच धुतलेली इंजिनची जागा पाहून खूश होऊ नका. धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. गाडी वीस किलोमीटर चालवून आणून मग पुन्हा पाहा. मागच्या बैठकीला वेगळी थंड हवा येणारी गाडी असेल, तर मागचीही चालू करून पाहा. तिच्या नळ्या गाडीच्या खालून जातात आणि तेथे गंजून गळतात.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस ६ डिझेल गाड्यांबद्दल एक विशेष गोष्ट. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती अधूनमधून आपोआप काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते मळा आणि मळा ते घर एवढीच गाडी चालवली, तर गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. ती बदलणे महाग पडते. काही गाड्यांत डिझेलशिवाय आणखी एक द्रव वेगळ्या टाकीत भरावा लागतो. तो पूर्ण संपला, तर गाडी पुन्हा चालू होत नाही. तुमचा वापर फक्त वाडी-शिवारातला असेल, तर अशी गाडी घ्यावी की नाही याचा आधी विचार करा.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व कोल्हापूर भागात महापूर आला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या बाजारात विकायला येते. पुराचे पाणी आत गेले, की तारांचे जोड हळूहळू गंजत जातात आणि वर्ष-दीड वर्षाने एकेक रोग निघू लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग दिसतो. बैठकीखालच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज पाहा. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. जास्तीचे चाक ठेवण्याच्या जागेत कोपऱ्यात माती पाहा. दिव्यांच्या काचेत पाण्याची रेघ दिसते का, तेही पाहा. अशी गाडी निम्म्या भावात मिळाली तरी घेऊ नये.

कारखान्याने बोलावलेल्या गाड्या

कधी कधी दोष मालकाचा नसतो, कारखान्याचाच असतो. तेव्हा कंपनी त्या गाड्या परत बोलावते आणि दोष फुकट काढून देते. २०१३ मध्ये शेवरोलेच्या टवेरा या गाड्या मोठ्या संख्येने, सुमारे १ लाख १४ हजार, अशा परत बोलावल्या गेल्या. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्रीच थांबवली. चाकणच्या गाड्यांचीही उदाहरणे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्राने १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन गाड्या क्लचच्या भागातील एका रबरी सुट्या भागाच्या तपासणीसाठी बोलावल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या इंजिनजवळच्या तारांचा जुडगा तपासण्यासाठी बोलावल्या. तारा घासून कापल्या जाण्याचा धोका होता.

यावरून ती गाडी वाईट, असे समजू नका. जी कंपनी उघडपणे बोलावते ती एक प्रकारे आपले काम करते. आपण मात्र एवढे करायचे: अधिकृत सेवा केंद्रात चासी नंबर सांगून विचारायचे, 'या गाडीचे असे काही काम बाकी आहे का?' बाकी असेल, तर ते करून घ्यायचे आणि मगच पैसे द्यायचे.

कागद पक्के तर गाडी आपली

सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. गाडीचा सातबारा म्हणजे तिचे नोंदणी पुस्तक, ज्याला सगळे आरसी म्हणतात. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून पाहा. कोरलेल्या जागी खरवडलेले किंवा पुन्हा रंगवलेले दिसले, तर तेथूनच परत फिरा. विकणारा आणि नोंदणीतला मालक एकच आहे ना, किती हात बदलले, गाडी पूर्वी भाड्याची होती का, हे सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर आणि त्याच्या फोनवरील ॲपवर बरेचसे कळते. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला हे काम सांगा.

नोंदणीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बोजा उतरवण्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज तुम्ही करायचा असतो. बाकी दंडाच्या पावत्या मागच्या मालकाकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, तेही पाहा.

काही लोक खर्च वाचवायला नाव बदलतच नाहीत. 'नंतर बघू' असे म्हणतात. हे दोघांनाही घातक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला होता. गाडी एकाने विकली, ती पुढे अनेक हातांत गेली, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघातात एका मुलाचा जीव गेला. न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच ठेवली. म्हणून तुम्ही जुनी गाडी विकत असाल, तरीही नाव बदलले की नाही, हे स्वतः पाहा.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. तसे केले नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारू शकते. आणि मागच्या मालकाची विम्यातली सवलत त्याच्याबरोबर जाते. ती तुम्हाला मिळत नाही.

विक्रेत्याकडून गाडी घेत असाल, तर त्याला परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते आवश्यक झाले आहे. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्ली भागात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली, तेव्हा तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. पण अशा गाडीला तिथले ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशेब करा. मग ती स्वस्त उरते का, ते पाहा. आणि खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. १३-१४ वर्षांची गाडी घेतलीत, तर लवकरच तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च तुमच्या गळ्यात येईल.

भाव करताना

भाव करायला एकटे जाऊ नका आणि सगळे गावही घेऊन जाऊ नका. एक जाणता मेकॅनिक बरोबर असू द्या. तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा. आपल्या गावचा, आपल्या डोळ्यांदेखत काम करणारा असावा. त्याला दिवसाची मजुरी द्या. सापडलेले दोष कागदावर लिहा, प्रत्येकासमोर दुरुस्तीचा अंदाज लिहा आणि तो कागद समोर ठेवून बोला. कागद समोर असला, की तोंडी गोडगोड बोलण्याला फारसा वाव राहत नाही.

हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. समजा तुमच्याजवळ पाच लाख आहेत, तर साडेचार लाखांच्या आतलीच गाडी पाहा. उरलेले टायर, बॅटरी, ऑइल, पट्टे, ब्रेक आणि विमा यांत पहिल्या दोन महिन्यांतच लागतील. घरी आणल्याबरोबर सगळी ऑइले आणि गाळण्या बदला. मागच्या मालकाने काय सांगितले त्यावर विसंबू नका. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर तोही बदला. तो चालत्या गाडीत तुटला, तर पुष्कळ इंजिनांचे मोठेच नुकसान होते.

घरातल्या बायकांनाही गाडी पाहायला न्या. बाळाला घेऊन, आजीचा हात धरून मागच्या दाराने चढता-उतरता येते का, हे त्यांना जास्त कळते. आमच्या घरी दुसऱ्या खेपेला गाडी पाहायला आई आली होती. ती ना रंग पाहत होती, ना गाणी ऐकत होती. पहाटेची थंडी होती. तिने पुढे होऊन बॉनेटवर पालथा हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग म्हणाली, "गार आहे. आता चालू करा."

ती गाडी आजही आमच्या दारात आहे.